एका सुताचा हिशेब: जुन्या अमेरिकन घरातले वाकडे स्टड रेषेत कसे आणायचे

न्यू जर्सीतलं आमचं घर १९२०च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं. पहिल्यांदा जेवणाची खोली उघडली तेव्हा घाई होती. जुनं प्लास्टर उतरवलं, आतल्या लाकडी पट्ट्या उपटल्या आणि उघड्या पडलेल्या स्टडवर (भिंतीच्या सांगाड्यातल्या उभ्या लाकडांवर) थेट ड्रायवॉल, म्हणजे जिप्समच्या तयार पाट्या, ठोकून रंग दिला. दिवसभर भिंत झकास दिसायची. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून तिरपा उजेड आला की मात्र त्याच भिंतीवर लाटा उमटायच्या, दापोलीच्या किनाऱ्यावर ओहोटीनंतर वाळूत दिसतात तशा. ती भिंत आजही तशीच आहे. स्वयंपाकघर करताना मात्र आधी दोन शनिवार फक्त स्टड मोजण्यात आणि सरळ करण्यात घातले, आणि त्यानंतर आणखी दोन खोल्या त्याच पद्धतीने केल्या. तीच पद्धत इथे मांडतोय.

मापासाठी आपल्याकडच्या सुतारांचा शब्द वापरणार आहे: सूत. इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. अमेरिकन कारागीर भिंतीच्या सपाटपणाबद्दल बोलताना सारखं 'एक अष्टमांश' म्हणतो, ते नेमकं आपलं एक सूत. शिवाय ३/८ आणि ५/८ असल्या अपूर्णांकांपेक्षा स्टडवर पेन्सिलीने नुसतं '३' किंवा '५' लिहिणं कितीतरी सोपं जातं.

भिंत मुळात वाकडी का असते

जुन्या सुताराला दोष देऊ नका. त्याच्या काळात स्टड करवतीतून जसे निघायचे तसेच भिंतीत उभे राहायचे, रंधा मारून एका मापाचे केलेले नसायचे. आजचा 'दोन बाय चार' म्हणून विकला जाणारा स्टड प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असतो. जुन्या घरात एकाच भिंतीत एक स्टड पावणेचार इंच खोल (भिंतीच्या जाडीच्या दिशेने) तर शेजारचा पुरा चार सापडतो. त्याला याची फिकीर नव्हती, कारण पुढे प्लास्टरवाला येणार होता. स्टडवर पातळ लाकडी पट्ट्या, त्यावर प्लास्टरचे दोन-तीन थर. जिथे खोलगट तिथे थर जाड, जिथे फुगवटा तिथे पातळ. आपल्याकडे गवंडी भिंतीवर आधी प्लास्टरच्या टिकल्या मारतो, ओळंब्याने त्यांची पातळी बांधतो आणि मग मधलं भरून काढतो, तसाच तो प्रकार. भिंतीचा सपाटपणा प्लास्टरमध्ये होता, लाकडात कधीच नव्हता.

ड्रायवॉलची पाटी मात्र अर्धा इंच जाडीची, सगळीकडे सारखी. ती स्टडचा प्रत्येक बाक जसाच्या तसा दाखवते. त्यात शंभर वर्षांत लाकूड वाळलं, पिळलं, पाया थोडा बसला, कुणा प्लंबरने पाइपासाठी खाच मारली. हे सगळं आता तुमच्या समोर उघडं आहे.

यात एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. लाकडी पट्ट्या आणि प्लास्टर मिळून जाडी साधारण पाऊण ते एक इंच असायची. तुम्ही अर्ध्या इंचाची पाटी लावणार. म्हणजे काहीच केलं नाही तर नवी भिंत दारं-खिडक्यांच्या चौकटींच्या दोन ते चार सूत मागे राहील आणि चौकटी ओठासारख्या बाहेर दिसतील. त्यामुळे जुन्या घरात स्टड पुढे आणायला आपल्याकडे जागा असते. पुढे आलेले स्टड तासत बसण्यापेक्षा मागे पडलेले पुढे आणावेत, या माझ्या आग्रहाचं हे मुख्य कारण.

हात लावण्याआधी

घर १९७८च्या आधीचं असेल तर जुन्या रंगात शिसं असणार असंच धरून चाला. घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगावर अमेरिकेत त्या वर्षी बंदी आली. कोरडं प्लास्टर फोडू नका. पाणी शिंपडत राहा, दार जाड प्लॅस्टिकने बंद करा, गरम हवेचे झरोके झाका, बारीक धूळ अडवणाऱ्या पी-१०० गाळणीचा मुखवटा घाला आणि साफसफाई झाडूने न करता तशाच बारीक, हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमने करा. लहान मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर त्या दिवसांत त्यांनी दुसरीकडे राहिलेलं बरं. पाइपावर पांढरी जुनी गुंडाळी दिसली किंवा पोकळीतून अभ्रकासारखे चमकते दाणे घरंगळत आले तर तिथेच थांबा. त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतं. नमुना तपासून आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

भिंत उघडली की तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, ही भिंत भार घेते का. बाहेरच्या सगळ्या भिंती भार घेतात असं समजा. आतल्यांपैकी जिच्यावरचे छताचे वासे तिला आडवे येतात आणि तिच्यावर टेकतात किंवा जोडले जातात, तीही घेते. शंका असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला एक भेट द्यायला बोलवा. खाली सांगितलेल्या काही युक्त्या अशा भिंतीत चालत नाहीत.

दुसरी, स्टड कुठे संपतात. १९३०-४०च्या आधीच्या पुष्कळ घरांत ते तळापासून थेट छपरापर्यंत, दोन मजले सलग गेलेले असतात. त्याला बलून फ्रेमिंग म्हणतात. मधली पोकळी म्हणजे आगीला मोकळी चिमणी. भिंत उघडी आहेच, तर प्रत्येक मजल्याच्या पातळीवर पोकळीत लाकडाचा आडवा तुकडा ठोकून ती बंद करा.

तिसरी, वायरी. चिनी मातीच्या गुंडाळ्यांवरून गेलेली, कापडी वेष्टनाची जुनी वायर दिसली तर तो इलेक्ट्रिशियनचा विषय. तिच्याभोवती रंधा किंवा करवत चालवायची नाही.

गावाच्या बांधकाम कार्यालयात परवान्याची चौकशी आताच करून ठेवा. सांगाड्याची तपासणी भिंत झाकायच्या आधीच होते. पाट्या लावून झाल्यावर इन्स्पेक्टर आला तर त्या उतरवायला लावू शकतो.

मग खिळे. जुन्या पट्ट्यांचे बारीक खिळे एका स्टडवर चाळीस-पन्नास सहज निघतात. कंटाळवाणं काम, पण ते टाळलं तर माप चुकतं आणि रंध्याचं पातं दातरं होतं. डोकं तुटलेला खिळा पंच लावून आत ठोका आणि शेवटी स्टडवरून लोहचुंबक फिरवा.

मोजणी

साहित्य फार लागत नाही: न ताणणारी जाड दोरी, एकाच फळीतून कापलेले सारख्या जाडीचे तीन ठोकळे, आठ फुटी सरळ पट्टी, चार फुटी पाणसळ, ओळंबा आणि पेन्सिल. माझा पितळी ओळंबा सांगलीहून वडिलांनी सामानात घालून आणला होता. विमानतळावर बॅग उघडून दाखवावी लागली, पण तो आजही कामाला येतो. लेसर असेल तर उत्तमच, पण दोरीला बॅटरी लागत नाही. दोरी मधे थोडी लोंबते अशी शंका कुणी काढेल. ती लोंबते खाली, भिंतीच्या दिशेने नाही, म्हणून आत-बाहेरच्या मापात त्याने फरक पडत नाही.

सरळ पट्टी विकत घ्यायची तर अॅल्युमिनियमची घ्या. नाहीतर प्लायवुडच्या पाटीची कारखान्यातून आलेली कड सहा इंच रुंदीने कापून घ्या. ती खरंच सरळ आहे का ते आधी बघा: जमिनीवर तिच्या कडेने रेघ मारा, पट्टी उलटवून तीच कड पुन्हा त्याच रेघेला लावा. मधे फट दिसली तर जितकी फट दिसते त्याच्या निम्मी चूक पट्टीत आहे.

आता भिंतीच्या दोन टोकांचे स्टड घ्या. छतापासून सहा इंच खाली, दोन्ही टोकांना स्टडच्या तोंडावर (खोलीकडच्या कडेवर) एकेक ठोकळा स्क्रूने बसवा आणि ठोकळ्यांच्या खोलीकडच्या बाजूवरून दोरी ताणून बांधा. दोरी थेट स्टडवर टेकवून बांधायची नाही. एखादा स्टड पुढे आलेला असेल तर तो दोरीलाच ढकलतो आणि दोरी खोटं बोलायला लागते. तिसरा ठोकळा हातात घ्या आणि प्रत्येक स्टड व दोरी यांच्यात सरकवा. दोरीला नुसता स्पर्श झाला तर स्टड रेषेत आहे. ठोकळा दोरीला बाहेर ढकलतो तर स्टड पुढे आहे. ठोकळा आणि दोरीत फट राहते तर मागे आहे. किती ते सुतांत मोजा आणि तिथेच स्टडच्या तोंडावर लिहा: पुढे असेल तर +२, मागे असेल तर -३, बरोबर असेल तर ०.

हेच चार फुटांवर करा आणि पुन्हा जमिनीपासून सहा इंचांवर. तीन ओळी झाल्या की मधल्या जागांसाठी सरळ पट्टी प्रत्येक स्टडवर उभी धरून बघा. पोट पुढे आलंय की पाठ, ते लगेच कळतं.

शेवटी दोन दोऱ्या भिंतीच्या कोपऱ्यांतून तिरप्या, एकमेकींना छेद देणाऱ्या बांधा, त्याही ठोकळ्यांवरून. मध्यात त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या पाहिजेत. टेकण्याऐवजी अंतर पडलं किंवा एकीने दुसरीला दाबलं तर पूर्ण भिंतच पिळलेली आहे. टोकाचे दोन स्टड वेगवेगळ्या दिशांना झुकलेले असतात तेव्हा हे होतं.

स्वयंपाकघराच्या चौदा फुटी भिंतीला हे सगळं करायला मला तीन तास लागले. बायको दोनदा येऊन विचारून गेली, काम कधी सुरू करणार? तेच काम होतं.

सरळ म्हणजे नक्की काय

ओळंब्यात असणं आणि सपाट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या घरात बहुतेक वेळा दुसरी पुरते. आठ फूट उंचीची अख्खी भिंत वरच्या बाजूला चार सूत झुकली असेल, पण सगळे स्टड सारखेच झुकले असतील, तर डोळ्याला ते कळत नाही. एकच स्टड दोन सूत पुढे असेल तर तो संध्याकाळच्या उजेडात उठून दिसतो. म्हणून दोरीवरचे आकडे वाचून असं प्रतल ठरवा की ज्यात कमीत कमी स्टडना हात लावावा लागेल. घर झुकलेलं आहे, तर भिंतही त्याच्यासोबत थोडी झुकू द्या. सगळंच ओळंब्यात आणायला गेलात तर एका कोपऱ्यात इंचभर जाड भिंत होते आणि छताच्या कडेला पाचरीसारखी फट दिसते.

अपवाद न्हाणीघरातली काचेची भिंत, टब आणि स्वयंपाकघरातली कपाटं. तिथे ओळंबा सांभाळा. टाइल असेल तर सपाटपणाची अट कडक होते: एक कड १५ इंच किंवा त्याहून मोठी असलेल्या टाइलला दहा फुटांत एका सुताहून जास्त फरक चालत नाही, लहान टाइलला दोन सूत चालतो. रंगवायच्या भिंतीला मी शेजारच्या स्टडमधला एक सूत माफ करतो. मोठ्या कपाटामागे झाकल्या जाणाऱ्या भिंतीला दोनही.

स्वयंपाकघराच्या माझ्या त्या भिंतीत अकरा स्टड होते. सहा शून्य किंवा एका सुताच्या आत. दोन मागे, -३ आणि -५. एक +२. एक पिळलेला. आणि एकाचं पोट मधे पाच सूत पुढे. म्हणजे खरं काम पाचच स्टडचं होतं. बहुतेक भिंतींचं असंच असतं, दोन-चार उनाड पोरं अख्ख्या वर्गाचं नाव खराब करतात.

मागे पडलेले: पुठ्ठा, पट्टी आणि पाठराखीण

एक ते दोन सुतांसाठी ड्रायवॉलच्या दुकानात पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्या मिळतात, दीड इंच रुंद, साधारण अर्धा सूत जाड. त्या स्टडच्या तोंडावर स्टेपल करायच्या. खळगा मधेच असेल तर आधी सर्वांत आखूड पट्टी खोल जागी, तिच्यावर तिच्याहून लांब, मग आणखी लांब. असं केलं की पायऱ्या न पडता उतार तयार होतो. दोन ते तीन सुतांसाठी प्लायवुडची चिरलेली पट्टी गोंद आणि स्क्रूने लावा. पाटी लावताना अशा स्टडवर नेहमीचे सव्वा इंची स्क्रू तोकडे पडतात, तिथे एक इंच पाच सुतांचे घ्या. मात्र ते फक्त तिथेच. सगळीकडे लांब स्क्रू मारत सुटलात तर कुठेतरी वायरीत शिरतील.

तीन सुतांच्या पुढे थर रचत बसू नका. जुन्या स्टडला खेटून नवा सरळ स्टड उभा करा. इथले सुतार याला 'सिस्टर' करणं म्हणतात, म्हणजे बहीण देणं. मला पाठराखीण हा शब्द जास्त पटतो: नवरीबरोबर सासरी जाते, पहिले चार दिवस तिला सांभाळते.

रीत अशी. लाकूड निवडताना प्रत्येक नग डोळ्यासमोर धरून त्याच्या कडेवरून बघा, ढिगातले निम्मे परत ठेवावे लागतील. त्यावरच्या शिक्क्यात वाळवलेलं असल्याची खूण बघा. तरी नवं लाकूड १९ टक्क्यांपर्यंत ओलं असू शकतं, आणि घरात वाळताना साडेतीन इंचांत अर्धा ते पाऊण सूत आकसतं. म्हणून आठवडाभर त्याच खोलीत सपाट रचून ठेवा. जुन्या घरांची छतं पुष्कळदा आठ फुटांपेक्षा उंच असतात, तयार कापलेले स्टड तोकडे पडतात. आधी मापून दहा फुटी घ्या.

दोऱ्या तीनही उंचीवर बांधलेल्याच ठेवा. नवा स्टड जुन्याच्या बाजूला उभा करून त्याचं तोंड दोरीला जुळवा. जुन्याच्या तोंडाशी जुळवायचं नाही, सगळी गडबड तिथेच होते. शिकंजे (क्लॅम्प) लावून वर, मधे, खाली ठोकळ्याने तपासा आणि मगच दर फूट-सव्वा फुटावर दोन-दोन मजबूत स्क्रू मारा. शंभर वर्षांचं जुन्या जंगलातलं लाकूड इतकं कठीण असतं की आधी भोक पाडलं नाही तर स्क्रूचं डोकं मोडतं किंवा नवा स्टड फाटतो. गुळगुळीत खिळे ठोकायला गेलात तर धक्क्याने पलीकडच्या खोलीतलं प्लास्टर तडकेल. स्क्रूच वापरा.

आणखी एक फायदा आहे. जुने स्टड बरोबर १६ इंचांच्या अंतराने असतीलच असं नाही आणि ड्रायवॉलची आठ फुटी पाटी नेमकी दोन स्टडच्या मधे संपते. पाठराखीण योग्य बाजूला दिली तर पाटीच्या कडेला टेकू मिळतो.

सगळीच भिंत मागे-पुढे असेल तर हलके पोलादी स्टड याच पद्धतीने बाजूला लावता येतात. ते वाकत नाहीत, पिळत नाहीत. कापताना कडा ब्लेडसारख्या होतात तेवढी काळजी घ्या आणि वायर त्यांच्यातून न्यायची झाली तर भोकात प्लॅस्टिकची कडी बसवा.

पुढे आलेले: रंधा

इथे हात राखून. विजेचा रंधा घ्या, साधारण सव्वातीन इंच रुंद पात्याचा, आणि फुगवट्याच्या मध्यावर आखूड फेऱ्यांनी सुरुवात करा. मग फेऱ्या वर-खाली लांबवत न्या. दर दोन-तीन फेऱ्यांनी पट्टी लावून बघा. एका फेरीत अर्ध्या सुताहून जास्त काढू नका.

किती काढायचं? अमेरिकेतल्या घरबांधणीच्या संहितेत भार घेणाऱ्या स्टडला त्याच्या खोलीच्या पाव भागापर्यंतच खाच चालते. पण ती वरची हद्द झाली. मी दोन सुतांवर थांबतो. त्याहून पुढे आलेल्या स्टडसाठी शेजारच्यांना थोडं पुढे आणून प्रतलच बदलणं बरं.

यात एक छुपा धोका आहे. स्टडमधून वायर जाते ते भोक स्टडच्या तोंडापासून निदान सव्वा इंच आत असावं लागतं, नाहीतर स्क्रू वायरीत घुसतो. साडेतीन इंची स्टडच्या मध्यावर पाऊण इंचाचं भोक असेल तर पुढे एक इंच तीन सूत लाकूड उरतं. तुम्ही दोन सूत तासले की राहिलं एक इंच एक सूत. नियम मोडला. अशा प्रत्येक जागी स्टडच्या तोंडावर पोलादी संरक्षक पट्टी ठोका. अर्ध्या सुताची ती पट्टी स्वतःही पुढे येते, म्हणून ती जिथे बसणार तेवढा भाग पटाशीने खोलगट करून घ्या.

पिळलेला आणि पोट सुटलेला

पिळलेल्या स्टडचं एक शिंग पुढे येतं. त्याच्या शेजारच्या दोन्ही पोकळ्यांच्या मापाचे आडवे ठोकळे कापा. स्टडला दोन-तीन फूट लांबीचा दांडा शिकंज्याने घट्ट बांधून तरफेसारखा वळवा, स्टडचं तोंड दोरीला समांतर आलं की दुसऱ्या माणसाने ठोकळे स्क्रूने पक्के करायचे. दांडा सोडला की स्टड किंचित परत फिरतो, म्हणून थोडा जास्तच वळवा. हे काम एकट्याने करू नका. माझ्या हातून दांडा सुटून गुडघ्यावर बसला आणि चार दिवस जिने मोजून चढलो.

पोट फार सुटलेलं असेल, भिंत भार न घेणारी आतली फाळणीची असेल, तरच करवत. आकृती डोळ्यासमोर आणा. वाकलेल्या स्टडची एक बाजू फुगीर, दुसरी पोकळ. पोकळ बाजूने, बाक सर्वांत जास्त आहे तिथे, खोलीच्या दोन-तृतीयांशापर्यंत करवतीने काप द्या. आता स्टड सरळ ढकलला की काप उघडतो. त्यात कठीण लाकडाची पाचर हळूहळू ठोकत जा आणि दोरीकडे बघत राहा. सरळ झाला की थांबा. पाचरीचं डोकं कापून टाका आणि कापाच्या दोन्ही अंगांना पाऊण इंची प्लायवुडच्या तीन फूट लांब पट्ट्या गोंद आणि स्क्रूने चढवा. या पट्ट्यांशिवाय तो स्टड म्हणजे मोडलेलं हाड, त्याला फळ्या बांधल्याच पाहिजेत.

पोकळ बाजू भिंतीच्या पलीकडे असेल आणि तिथे हात पोहोचत नसेल तर फुगीर बाजूनेच काप द्या आणि स्टड आत दाबा, काप मिटतो. तो पूर्ण मिटून स्टड अजून सरळ झाला नसेल तर त्याच कापात पुन्हा करवत फिरवा आणि पुन्हा दाबा. मला तीनदा फिरवावी लागली. पट्ट्या इथेही लागतातच.

भार घेणाऱ्या भिंतीत किंवा बलून फ्रेमच्या लांब स्टडला हे करायचं नाही. तिथे शेजाऱ्यांना पुढे आणा, थोडं तासा, आणि तेवढ्याने भागत नसेल तर इंजिनिअर.

फाळणीतला स्टड इतका बिघडलेला असेल की वरचं काहीच परवडत नाही, तर तो काढून टाकून नवा लावणं सर्वांत स्वस्त पडतं. पलीकडची पाटी किंवा प्लास्टर त्याच स्टडला जोडलेलं आहे हे मात्र विसरू नका. लोखंड कापणाऱ्या पात्याची झटक्याची करवत स्टड आणि पाटी यांच्या फटीत घालून खिळे कापावे लागतात.

झाकण्याआधी

दोऱ्या पुन्हा बांधा, पुन्हा तीन ओळी मोजा. पहिल्या फेरीत सुटलेला एखादा हमखास सापडतो, कारण आधी जो सर्वांत वाईट होता त्याच्यामुळे हा शहाणा वाटत होता.

विजेच्या पेट्या (बटणं आणि सॉकेट बसतात त्या) बघा. स्टड पुढे आणले की पेट्या मागे पडतात. ड्रायवॉलच्या पृष्ठभागापासून त्या दोन सुतांहून आत राहता कामा नयेत. राहत असतील तर पुढे सरकवा किंवा वाढीव कडी लावा. दाराच्या चौकटीजवळ ड्रायवॉलचा तुकडा धरून बघा, चौकटीशी बरोबर येतो का.

कपाटं, टीव्ही, न्हाणीघरातला धरायचा दांडा, जिथे जिथे पुढे वजन लटकणार तिथे स्टडमधे आडव्या फळ्या आत्ताच ठोका. वरच्या कपाटांचा तळ बहुधा जमिनीपासून ५४ इंचांवर येतो, तीस इंची कपाट असेल तर माथा ८४ वर. दोन्ही ठिकाणी फळी द्या. आई-वडील भारतातून येऊन सहा-सहा महिने राहत असतील तर दांड्याची फळी विसरू नका, भले दांडा आज लावायचा नसेल.

मग स्टडला मापाची फीत लावून प्रत्येक पोकळीचा फोटो काढा. वायर, पाइप, फळी कुठे आहे ते दोन वर्षांनी फोटोतच सापडतं. तपासणी करून घ्या. पहिली पाटी आडवी, वरून लावा, आणि दोन पाट्यांचे सांधे एकाच स्टडवर एकाखाली एक येऊ देऊ नका. पाट्या चढल्यावर, सांधे भरायच्या आधी, रात्री दिवे घालवून टॉर्च भिंतीला चिकटवून तिच्या लांबीने उजेड टाका. जिथे सावली पडते तिथले स्क्रू काढून मागे पुठ्ठ्याची एक पट्टी सरकवणं अजून दहा मिनिटांचं काम असतं.